गाभा क्षेत्राचं बंधन कुणावर?

१९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं व्याघ्र प्रकल्प असलेल्या राज्यांच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना एक पत्र पाठवलं. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या सर्वांत आतल्या भागांत, मिळून ८४८ गावं आणि ८९,८०८ कुटुंबं होती. त्यांपैकी २५७ गावांतली २५,००७ कुटुंबं तोवर बाहेर आली होती. उरलेल्या ५९१ गावांच्या आणि ६४,८०१ कुटुंबांच्या स्थलांतराला प्राधान्य द्या आणि त्याचा आराखडा कळवा, असा त्या पत्राचा आशय होता. वरवर पाहता हा नेहमीचा सरकारी पत्रव्यवहार. पण त्यात गृहीत धरलेली गोष्ट फार मोठी आहे. गाभा क्षेत्र म्हणजे माणसं हलवायची जागा, आणि काम किती झालं हे हललेल्या कुटुंबांच्या आकड्यावरून मोजायचं, असं ते गृहीतक आहे.

कायदा वाचला तर हा अर्थ तिथं सापडत नाही. भारतीय कायद्यानं कडक संरक्षणाची जी कल्पना २००६ साली मांडली, तिच्यात सर्वांत जड बंधन सरकारवर आहे. जागा कशी निवडायची, कुणाला विचारायचं, काय सिद्ध करायचं आणि एकदा जागा राखल्यावर तिथं स्वतः काय करायचं नाही, हे सगळं कायदा सरकारला सांगतो. त्यानंतरच्या काळात हे ओझं सरकारच्या खांद्यावरून उतरवून जंगलात राहणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलं गेलं. त्यानं आदिवासींचं नुकसान झालं, हे पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्याच्या पुढचं म्हणायचं आहे. यात जंगलाचंही नुकसान झालं, कारण खरोखर कडक म्हणावं असं संरक्षण या देशात जवळपास कुठल्याच जागेला मिळालं नाही.

आधी जगातला दंडक पाहू. निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आययूसीएन, संरक्षित क्षेत्रांच्या श्रेणी लावते. त्यातली पहिलीच श्रेणी कडक राखीव निसर्गक्षेत्राची. माणसाचं येणंजाणं, वापर आणि परिणाम यांवर तिथं कठोर नियंत्रण असतं. पर्यटनही त्यातच आलं. मुख्य उपयोग अभ्यासाचा, कारण न हाताळलेली जागा कशी वागते हे कळलं तरच हाताळलेल्या जागेचं काय बिघडलं ते कळतं. शेजारच्या श्रीलंकेच्या कायद्यात अशी वेगळी श्रेणी आहे. हक्गला, रिटीगला आणि याला इथं ती लागू आहे. याला राष्ट्रीय उद्यानात बिबट्या पाहायला जगभरातून लोक जातात, पण त्याला लागून असलेल्या कडक राखीव भागात पर्यटकाला प्रवेश नाही. फरक कायद्यातच लिहिलेला आहे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशी श्रेणी नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान या दोन मुख्य पायऱ्या. अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की जिल्हाधिकाऱ्यानं तिथल्या लोकांचे हक्क तपासायचे, काही विकत घ्यायचे, काही चालू ठेवायचे. कलम २४ त्याला तशी मुभा देतं. राष्ट्रीय उद्यानात मात्र सगळे हक्क सरकारजमा झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघते आणि कलम ३५ नुसार तिथं एकही पाळीव जनावर चरू शकत नाही. त्याच उद्यानात पर्यटकाला परवाना काढून जाता येतं, कारण कलम २८ मध्ये अभ्यास आणि छायाचित्रणाच्या बरोबरीनं पर्यटनही परवानगीचं कारण म्हणून नोंदलेलं आहे आणि ते कलम उद्यानांनाही लागू आहे. म्हणजे आपलं सर्वांत कडक समजलं जाणारं उद्यान गाईला बंद आणि पर्यटकांच्या जिप्सी गाडीला उघडं, अशी मूळ कायद्याचीच रचना आहे. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. साठ-सत्तरच्या दशकात शिकार आणि लाकूडतोड थांबवायची निकड होती, आणि कायदा त्या निकडीतून आला. पण ‘मानवी हस्तक्षेप नको’ हे तत्त्व त्यात कधीच नव्हतं. काही माणसांचा हस्तक्षेप नको, एवढंच होतं.

हे किती टोकाला गेलं, याची खूण २०२२ च्या दुरुस्तीत सापडते. स्थानिक लोकांनी पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी पाणी घेणं हा, अभयारण्यातलं काही नष्ट करायला किंवा हलवायला मनाई करणाऱ्या, कलम २९ खालचा गुन्हा मानू नये, असं स्पष्टीकरण त्या वर्षी कायद्यात घालावं लागलं. अभयारण्यातल्या झऱ्यावर हंडा भरणारी बाई तोवर कायद्याच्या नजरेत संशयित होती, एवढाच याचा अर्थ होतो.

राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघ संपल्याचं २००५ साली उघड झालं आणि देश हादरला. त्यातून २००६ मध्ये कायद्यात व्याघ्र प्रकल्पांचं नवं प्रकरण आलं. त्यातलं कलम ३८-व्ही या सगळ्या चर्चेचं मूळ आहे. गाभा क्षेत्र, म्हणजे संकटग्रस्त व्याघ्र अधिवास, कशाला म्हणायचं? तर राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतला असा भाग, जो वाघांसाठी निर्बाध राखणं आवश्यक आहे हे वैज्ञानिक आणि वस्तुनिष्ठ निकषांवर सिद्ध झालं आहे. याच वाक्यात पुढं लिहिलं आहे की हे अनुसूचित जमातींच्या आणि इतर वननिवासींच्या हक्कांना बाधा न आणता करायचं. निर्बाध राखणं आणि हक्क अबाधित ठेवणं या दोन गोष्टी संसदेनं एकाच व्याख्येत बांधल्या.

मग माणसं हलवता येतच नाहीत का? येतात, पण त्याला अटी आहेत आणि सगळ्या एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आधी हक्कांची मोजणी आणि मान्यता पूर्ण व्हायला हवी. मग त्या भागाची माहिती असलेल्या परिसरशास्त्रज्ञाला आणि समाजशास्त्रज्ञाला विचारून, लोकांच्या संमतीनं, हे ठरायला हवं की त्यांच्या वावरामुळे भरून न येणारी हानी होते आहे आणि वाघाचं अस्तित्व धोक्यात येतं आहे. त्यानंतर सहजीवनाचा दुसरा कुठलाही वाजवी मार्ग उरलेला नाही, असा निष्कर्ष निघायला हवा. पुनर्वसनाची योजना तयार हवी, ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय जुने हक्क हलवायचे नाहीत. हे वाचताना लक्षात येतं की सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे सरकारची आहे. आपण इथं राहिल्यानं वाघाला त्रास होत नाही, हे मेळघाटातल्या कोरकू आदिवासीनं सिद्ध करायचं नाही.

प्रत्यक्षात काय झालं? जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. तो अमलात येण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, राज्यांना संकटग्रस्त व्याघ्र अधिवासांचे प्रस्ताव तेरा दिवसांत पाठवायला सांगण्यात आलं. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी, मेळघाट आणि पेंच यांच्या गाभा क्षेत्रांच्या अधिसूचना डिसेंबर २००७ च्या शेवटच्या आठवड्यात निघाल्या. तेरा दिवसांत हजारो चौरस किलोमीटर जंगलाचे वैज्ञानिक निकष कसे लागतात? ताडोबाचं उत्तर गणितातच दिसतं. १९५५ चं ११६.५५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चं ५०९.२७ चौरस किलोमीटरचं अंधारी अभयारण्य यांची बेरीज ६२५.८२ येते, आणि गाभा क्षेत्रही बरोबर ६२५.८२ चौरस किलोमीटरचंच आहे. पूर्वी आखलेल्या सीमाच उचलून गाभा म्हणून लिहिल्या गेल्या. त्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा निकष वेगळे होते, कारणं वेगळी होती, आणि गाभा ही कल्पना कायद्यात आलेलीही नव्हती.

माझा आक्षेप गाभा असण्याला नाही. पिल्लं वाढवणाऱ्या वाघिणीला शांत जागा लागते, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. विणीच्या वीस माद्या आणि एकूण ८० ते १०० वाघ टिकायचे तर ८०० ते १,२०० चौरस किलोमीटर निर्बाध जंगल हवं, असं प्राधिकरण मानतं. मला हे गणित खोटं वाटत नाही. पण ते लावून पाहा. ताडोबाचा गाभा त्याहून लहान आहे, आणि महाराष्ट्रातल्या पेंचचा तर २५७ चौरस किलोमीटर. तरीही चंद्रपूर जिल्ह्यात वाघ इतके वाढले की ब्रह्मपुरीसारख्या, व्याघ्र प्रकल्पात न मोडणाऱ्या वनविभागातही वाघिणी पिल्लं वाढवतात. तिथं मोहफूल वेचायला पहाटे जाणारी माणसं आणि वाघ एकाच वाटेवर येतात, आणि माणसं मरतात. गाभ्याची रेघ कितीही ठळक काढली तरी वाघ रेघेत राहत नाही. त्याचं भवितव्य रेघेबाहेरच्या लोकांच्या हाती आहे. त्या लोकांशी सरकार रेघेच्या आत कसं वागलं, हे ते पाहत असतात.

स्थलांतराची दुसरी बाजू मला झाकायची नाही. मेळघाटात कुंड, बोरी, कोहा ही गावं शतकाच्या सुरुवातीला बाहेर आली. त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवताळ कुरणं आहेत आणि तिथं गवे, सांबर चरतात. ताडोबात बोटेझरी, नवेगाव, जामणी इथं हेच झालं. विदर्भातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात मोकळं कुरण दुर्मिळ आहे, आणि सोडलेल्या गावाच्या जागेवर तृणभक्षी प्राणी किती लवकर येतात हे पाहिलेला माणूस हा लाभ नाकारणार नाही. बाहेर यायला तयार असलेली कुटुंबंही खरी आहेत. मुलांना शाळा हवी, बाळंतपणाला दवाखाना हवा, रानडुकरांपासून पीक वाचवण्याचा जन्मभराचा जागता पहारा संपायला हवा, असं त्यांनी म्हटलं तर त्यांना जंगलातच राहा असं सांगण्याचा शहरातल्या कुणालाही अधिकार नाही.

पण अशी संमती मोकळी आहे का, हे पाहावंच लागतं. ज्या गावाला गाभ्यात आहे म्हणून डांबरी रस्ता नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, त्या गावानं दिलेल्या होकाराला ऐच्छिक म्हणणं अवघड आहे. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, विजेच्या तारा अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरू देतं. म्हणजे सोयी न देणं हा वनकायद्यांचा अटळ परिणाम म्हणता येत नाही. आधी गाव कोरडं ठेवायचं, मग कुटुंबामागं दहा लाख रुपये दाखवायचे (२०२१ पासून पंधरा लाख), आणि अंगठा घ्यायचा. या क्रमाला कायद्यातली समजून-उमजून दिलेली संमती म्हणता येईल, असं मला वाटत नाही. बाहेर गेलेल्यांचं पुढं काय होतं तेही मेळघाटनंच दाखवलं. अकोट-तेल्हाऱ्याकडं हलवलेल्या केलपाणी, गुल्लरघाट आणि इतर गावांतले लोक, कबूल केलेली जमीन मिळाली नाही, आजारपणं वाढली, असं म्हणत पुन्हा जंगलात आपल्या जुन्या जागी परतले. २०१९ च्या जानेवारीत त्यांची आणि वनविभाग-पोलिसांची चकमक झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. जमीन आणि सोयी मिळाल्याशिवाय हक्क हलवायचे नाहीत, हे कलम जर पाळलं गेलं असतं तर त्या वनरक्षकांवर आणि त्या कोरकू माणसांवर ती वेळ आली नसती.

आता बंधनाच्या दुसऱ्या टोकाकडं येऊ. कलम २९ आणि कलम ३५(६) सांगतात की अभयारण्यातून किंवा उद्यानातून काहीही नष्ट करायचं, हलवायचं, अधिवासाची हानी करायची तर ते तिथल्या वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि अधिक चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे, अशी राज्य सरकारची खात्री व्हायला हवी. कायद्याची भाषा इतकी स्पष्ट आहे. एखादा चौपदरी महामार्ग, ४०० केव्हीची वीजवाहिनी किंवा दुहेरी रेल्वेमार्ग तिथल्या गव्याच्या भल्यासाठी असतो, असं कुणी म्हणू शकेल का? तरीही राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढं असे प्रस्ताव नेमानं येतात आणि अटी घालून मंजूर होतात. एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, दूरदृश्य बैठकीत गोव्यातल्या मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना हिरवा कंदील मिळाला. त्याच जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, परिणामांचा पुरेसा अभ्यासच झाला नव्हता म्हणून. गोव्यातली मुलं-माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर बसली, अभ्यासकांनी पत्रं लिहिली, तेव्हा हे घडलं. मध्य प्रदेशात पन्नाच्या गाभ्यात तर केन-बेतवा जोडप्रकल्पाचं धरणच येतं आहे. ज्या पन्नात वाघ संपल्यावर बाहेरून वाघ आणून त्यांची संख्या पुन्हा उभी करावी लागली, तेच हे पन्ना.

मेळघाटात अकोला-खांडवा मीटरगेज मार्ग रुंद करायचा ठरलं तेव्हा जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पातूनच जातो म्हणून रुंद मार्गही तिथूनच न्यायचा, असा आग्रह होता. हिवरखेड, सोनाळा, जामोदवरून बाहेरून जाणारा पर्याय समोर होता. त्या मार्गावर गावं जास्त, म्हणजे प्रवासीही जास्त. अभ्यासकांनी आणि पुढं राज्य सरकारनंही तोच पर्याय मागितला. हा वाद वर्षानुवर्षं चालावा लागला, हीच मला गंभीर गोष्ट वाटते. ज्या गाभ्यातून गावं हलवताना सहजीवनाचा पर्याय नाही असं म्हटलं जातं, तिथं रुळांसाठी मात्र समोर दिसणारा पर्यायही आधी बाजूला ठेवला जातो.

याला कायद्यात उत्तर आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्यानं संकटग्रस्त वन्यजीव अधिवास नावाची वेगळी श्रेणी केली. वाघांच्या गाभ्यापेक्षा ती निराळी. कुठल्याही वन्यजीवासाठी, कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात ती ठरवता येते. हक्कांची मान्यता, भरून न येणाऱ्या हानीचा पुरावा, सहजीवनाच्या पर्यायांची छाननी, ग्रामसभेची लेखी संमती, या अटी इथंही आहेत. पण त्यांच्या शेवटी एक असं वाक्य आहे जे दुसऱ्या कुठल्याही भारतीय वनकायद्यात मला सापडलं नाही. अशा अधिवासातून हक्कधारक एकदा बाहेर गेले की ती जागा राज्य सरकार, केंद्र सरकार किंवा इतर कुणीही पुढं दुसऱ्या वापरासाठी वळवू शकणार नाही. ‘सार्वजनिक हित’ अशी पळवाट नाही, स्थायी समितीची मंजुरी नाही. गाव गेलं तर खाणही नाही, धरणही नाही, महामार्गही नाही.

भारतीय कायद्यातलं खरं कडक संरक्षण हे आहे. माणसानं जागा सोडली, त्या बदल्यात सरकारनं आपला हात बांधून घेतला, असा हा करार आहे. आणि नेमकी हीच श्रेणी बाजूला पडली. वाघांच्या गाभ्याचे प्रस्ताव तेरा दिवसांत मागवणाऱ्या व्यवस्थेनं या अधिवासांसाठी २००७, २०११ आणि २०१८ अशा तीन खेपांना मार्गदर्शक सूचना काढल्या, समित्या नेमल्या, आणि काम कागदावर राहिलं. वनविभागाला ग्रामसभेच्या लेखी संमतीची अट जाचक वाटते, हे त्याचं एक कारण असावं. पण मला दुसरं कारण अधिक वजनाचं वाटतं. कुठल्याही सरकारला स्वतःचा हात कायमचा बांधून घ्यायचा नसतो. यासाठी रशियाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या कडक राखीव निसर्गक्षेत्रांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी, बैकल सरोवराच्या काठच्या बार्गुझिनपासूनची. सेबल या केसाळ प्राण्यासाठी ते राखलं गेलं, आणि माणसाला अशा क्षेत्रांत जवळपास पूर्ण मज्जाव असे. तरीही १९५१ मध्ये एका सरकारी निर्णयानं अशी १२८ क्षेत्रं ४० वर आणली गेली. लोकांना बाहेर ठेवण्यात ती व्यवस्था अतिशय कडक होती. सरकारला बाहेर ठेवण्याची तरतूद तिच्यात नव्हती.

पर्यटनाचंही तसंच. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेशानं गाभ्यातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत भागात नियंत्रित पर्यटनाला वाट मिळून बंदी उठली. त्या तीन महिन्यांत ताडोबाजवळच्या मोहर्लीसारख्या गावांतल्या गाइडांचे आणि चालकांचे पैसे बुडाले, ते हाल खरे होते. पण कायद्याच्या दृष्टीनं एक प्रश्न तेव्हा सुटला नाही. गाभ्यात राहणाऱ्या कुटुंबासाठी सहजीवन शक्य आहे का, हे तपासायला सहा अटी. गाभ्यात येणाऱ्या वाहनांसाठी मात्र एक टक्केवारी पुरली. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे, ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव आलं असं मानतात. पौषात आसपासच्या गोंड गावांची तिथं जत्रा भरायची. तिच्यावर बंधनं आली, पर्यटकांच्या फेऱ्या चालू राहिल्या. निर्बाध हा निकष जर खरा असेल तर तो दोघांना एकाच मापानं लावायला हवा. माझ्या मते गाभ्याच्या आतल्या मूळ भागात पर्यटन शून्य असावं आणि गाइडांचा रोजगार बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वाढवावा. तिथं वाघ दिसतातच, आणि पैसा गावाच्या हद्दीत राहतो.

इतकं असलं तरी सगळीकडं कडक नियम लावावेत असं मी म्हणत नाही, आणि त्याला सोलापूरचं कारण आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून अधिसूचित झालं. त्यात गावं आली, उसाचे मळे आले, महामार्ग आले. अधिसूचनेनंतर वारसा सोडून नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, त्यामुळे करमाळा, माढा, कर्जत, श्रीगोंदा या भागांतल्या शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडकून पडले. मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीला पैसे उभे करायला स्वतःची जमीन विकता येईना. हा त्रास ज्यांनी दोन-तीन दशकं सोसला, त्यांच्या मनात माळढोक हा पक्षी म्हणून उरला नाही, तो सात-बारावरचा शेरा झाला. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळरानं फुटली होती, उजनीचं पाणी पोचलं होतं, आणि नान्नजच्या गवतात माळढोक दिसणं म्हणजे बातमी झाली होती. साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर नावापुरता कायदा लावण्याऐवजी विणीची शेदोनशे चौरस किलोमीटर माळरानं निवडून, मेंढपाळांशी बोलून, खरोखर राखली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो. मेंढ्यांच्या चराईची सवय असलेलं हे गवत. तिथं धनगर शत्रू नव्हता, नांगर शत्रू होता.

म्हणून माझी मागणी उलट्या क्रमाची आहे. आधी प्रत्येक संरक्षित क्षेत्रात अशा जागा शोधाव्यात ज्या खरोखर कुणाच्याही पावलाशिवाय राहायला हव्यात. वाघिणींच्या विणीच्या घळी, नदीचा उगम, घारी-गिधाडांचे कडे, सह्याद्रीतले मिरिस्टिकाचे, म्हणजे रानजायफळाच्या झाडांचे, दलदली पट्टे, माळढोकाचं उरलेलं गवत. प्रत्येकीचं कारण लिहावं, आणि ते कारण आसपासच्या ग्रामसभांसमोर मराठीत, कोरकूत, गोंडीत मांडावं. अशा जागा बहुधा लहान निघतील. त्यांना संकटग्रस्त वन्यजीव अधिवासाची श्रेणी द्यावी आणि त्यातलं हात बांधणारं वाक्य सरकारला लागू करावं. उरलेल्या जंगलात वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार ग्रामसभांना राखणीचे अधिकार आहेत, ते त्यांना वापरू द्यावेत. कर्नाटकात बिळिगिरीरंगनबेट्टाच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांचे सामूहिक हक्क २०११ मध्ये मान्य झाले. ते आजही त्याच जंगलात राहतात आणि तिथं वाघही आहेत.

यावर वनाधिकाऱ्यांकडून एक उत्तर नेहमी येतं. संमतीची वाट पाहत बसलो तर जंगल संपेल. ही भीती मी हलक्यानं घेत नाही. अतिक्रमण, वणवे, शिकार यांना तोंड देणारा वनरक्षक एकटाच असतो आणि त्याच्या हाती काठीपलीकडं फारसं काही नसतं. पण हक्क ठरवल्याशिवाय घाई केल्यानं जंगल वाचतं, हे गोव्यातल्या म्हादईनं खोटं ठरवलं आहे. सत्तरी तालुक्यातलं २०८ चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं. तिथल्या गावांचे हक्क ठरवण्याचं काम वीस वर्षांनंतरही अपुरं होतं. लोकांना आपली काजूची बागायत कायदेशीर आहे की अतिक्रमण, हे माहीत नव्हतं. जनावर वाघानं मारलं तर भरपाईच्या आधी जमिनीचाच वाद. जानेवारी २०२० मध्ये गोळावली परिसरात एका वाघिणीसह चार वाघ विषबाधेनं मेलेले आढळले. त्या कृत्याचं समर्थन कुठल्याही कारणानं होऊ शकत नाही. पण वीस वर्षं न सुटलेल्या हक्कांच्या जमिनीत वाघाला कुणी आपला मानत नाही, हेही त्या घटनेपासून वेगळं काढता येत नाही.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई आणि आसपासच्या क्षेत्राला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सार्वजनिक वाद प्रकल्प हवा की नको एवढ्यावरच फिरत राहिला. त्याच निकालात आणखी एक आदेश होता, ज्याची चर्चा फार झाली नाही. तिथल्या अनुसूचित जमातींचे आणि वननिवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा. ते काम करायला व्याघ्र प्रकल्पाच्या अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही. दावे तपासणारे अधिकारी नेमायचे, वाड्यांवर जाऊन मोजणी करायची, ग्रामसभांचे ठराव घ्यायचे आणि प्रत्येक घराला त्याचा निर्णय लेखी द्यायचा, एवढंच करायचं आहे. १९९९ पासून कुठल्याही दिवशी ते सुरू करता आलं असतं.